तांडा कुणासाठी थांबतो?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ५, अध्याय १३ आणि १४.
जोडवाचन: महाभारत, वनपर्वातलं नलोपाख्यान (दमयंतीला व्यापाऱ्यांचा तांडा भेटतो तो भाग).
आजचा शब्द: सार्थ.

काल आपण राजा रहूगणाच्या पालखीपर्यंत आलो होतो. आठवतंय ना? सिंधुसौवीर देशाचा हा राजा कपिल मुनींच्या भेटीला निघालेला. पालखीला एक भोई कमी पडला, म्हणून नोकरांनी वाटेत दिसलेल्या एका धडधाकट माणसाला धरून आणलं. तो होता जडभरत. पायाखाली कुठला जीव येऊ नये म्हणून तो पुढची जमीन बघून पाऊल टाकायचा. साहजिकच बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळेना आणि पालखी हिंदकळायला लागली. राजानं आधी भोयांना झापलं, मग या नव्या भोयाला टोमणे मारले. त्याचं उत्तर ऐकलं मात्र, आणि राजा घाईघाईनं पालखीतून उतरून त्याच्या पाया पडला.

आज त्याच भोयानं राजाला सांगितलेलं एक रूपक वाचायचं आहे. त्याला ‘भवाटवी’ म्हणतात. भव म्हणजे संसार, अटवी म्हणजे अरण्य. आणि त्या अरण्यातून कोण चाललंय? एक तांडा. आज आपण या तांड्याच्या मागोमाग जाऊ.

आधी शब्दाकडे बघू

संस्कृतात तांड्याला ‘सार्थ’ म्हणतात. हा शब्द आपल्या घरातच आहे बरं का. आजीच्या देव्हाऱ्याशेजारी ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ किंवा ‘सार्थ दासबोध’ असतो की नाही? तिथे सार्थ म्हणजे अर्थासह. स + अर्थ. व्यापाऱ्यांच्या तांड्यालाही हेच नाव, कारण ‘अर्थ’ म्हणजे धन आणि माल सुद्धा. माल घेऊन जो निघाला तो सार्थ, आणि त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. भागवतकार इथे या शब्दाशी मस्त खेळतात. रूपकाच्या अगदी सुरुवातीला ते सांगतात की हा सार्थ अर्थाच्याच मागे लागलाय, भटकतोय, आणि त्याला सुख काही सापडत नाही. म्हणजे माल सोबत आहे, पण अर्थ लागत नाहीये. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे वाक्य जास्त कळतं, असं मला वाटतं.

आता बाकीचे शब्द बघा. ‘कारवाँ’ फारसीतून आला. त्याचाच युरोपात ‘कॅराव्हॅन’ झाला, आणि त्याचं शेपूट तोडून इंग्रजांनी ‘व्हॅन’ केली. म्हणजे शाळेत सोडायला यायची ती व्हॅन मुळात एक तांडा आहे! गंमत अशी की शेकडो उंट आणि माणसं मिळून जो शब्द झाला, तो आज एका कुटुंबापुरत्या चाकावरच्या घराला लागतो. गर्दीतून निसटून एकट्यानं भटकायचं, यालाच आता कॅराव्हॅन म्हणतात.

‘काफिला’ हा शब्द अरबी. त्याच्या मूळ धातूत परत येण्याचा अर्थ आहे. निघणाऱ्या मंडळींनाही ‘परतणारे’ म्हणायचं, यात शुभचिंतन आहे. आपणसुद्धा घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, तसंच. हा अर्थ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि आपला ‘तांडा’. बंजारा समाजाच्या वस्तीला मराठवाड्यात, विदर्भात आजही तांडाच म्हणतात. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरायचे. मोठमोठ्या फौजांना रसद यांच्याच बैलांवरून पोचायची. १९व्या शतकात रेल्वे आली, पक्के रस्ते आले, आणि तो धंदा बसला. चालणं थांबलं, पण जिथे वस्ती केली तिथे नाव तांडाच राहिलं.

किती तऱ्हेचे तांडे!

तांडा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंटांची रांग येते. वाळू, मावळता सूर्य, वॉलपेपरसारखं चित्र. ते खोटं नाही. सहारा वाळवंटात तौदेनीच्या खाणीतून निघालेल्या मिठाच्या लाद्या उंटांवर लादून तिंबक्तूला नेणारे तांडे शतकानुशतकं चालले. दमास्कस आणि कैरोहून मक्केकडे हजयात्रेचे प्रचंड काफिले निघायचे. बायबलमध्ये आणि कुराणातही योसेफची, म्हणजे यूसुफची, गोष्ट आहे. भावांनी त्याला विहिरीत टाकलं, आणि तिथून तो इजिप्तला पोचला तो तांड्याबरोबरच, विकला जाऊन. तांडा माणसाला वाचवतोही आणि विकतोही.

आपल्याकडे बघायचं तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जा. ट्रेकला गेला असाल, सेल्फीही काढले असतील. तो घाट म्हणजे सातवाहन काळातली मालवाहतुकीची वाट. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून जुन्नरकडे यायचा. तिथल्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं लोक सांगतात. कार्ल्याची लेणी सुद्धा अशाच वाटांवरची. तिथले खांब व्यापारी आणि भाविकांच्या दानातून उभे राहिले, हे तिथेच कोरून ठेवलंय. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख त्यात आहे. म्हणजे तांड्यानं कमावलेल्या पैशातून प्रार्थनेची जागा झाली.

आणि तांडे संपले असं समजू नका. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरणारा धनगरांचा वाडा हा तांडाच. दसऱ्यानंतर बीडकडून साखर कारखान्यांच्या दिशेनं निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, लेकरंबाळं आणि भांडीकुंडी सोबत घेऊन, हाही तांडाच. आणि २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक रस्त्यावर डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं आठवतात? तोही एक तांडा होता. त्याला कुणी सार्थवाह नव्हता.

या सगळ्यांत समान काय? एकट्यानं पार होणार नाही अशी वाट, आणि म्हणून धरलेली सोबत. यक्षप्रश्नांत यक्ष युधिष्ठिराला विचारतो की परगावी निघालेल्याचा मित्र कोण. युधिष्ठिर म्हणतो, सार्थ. घरी असलेल्याचा मित्र पत्नी, आजाऱ्याचा मित्र वैद्य, मरणाऱ्याचा मित्र दान, आणि प्रवाशाचा मित्र त्याच्याबरोबर चालणारा तांडा. किती मोठा मान दिलाय या शब्दाला! मग जडभरत त्याच शब्दानं राजाला घाबरवतो का?

भवाटवीतला तांडा

आता तेरावा अध्याय उघडा. जडभरत सांगतो ते थोडक्यात असं. नफ्यासाठी निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा अरण्यात शिरतो. म्होरक्या वाईट आहे. तिथे सहा दरोडेखोर तांडा लुटतात. गाफील माणसाला कोल्हे ओढून नेतात, लांडग्यानं कोकरू न्यावं तसं. झाडी दाट, डास चावतायत. मध्येच हवेत गंधर्वनगर दिसतं. मध्येच पेटत्या कोलितासारखं काहीतरी चमकतं आणि माणूस त्याच्या मागे धावतो. वावटळीनं डोळ्यांत धूळ जाते, दिशा कळत नाहीत. न दिसणारे रातकिडे कान किटवतात. तहान लागली म्हणून नदीकडे जावं तर नदी कोरडी. मधाच्या आशेनं पोळ्याकडे हात घालावा तर माशा फोडून काढतात. तांड्यातले लोक एकमेकांशी थोडीफार देवाणघेवाण करतात, आणि पैशांवरून एकमेकांचेच वैरी होतात.

चौदाव्या अध्यायात शुकाचार्य परीक्षिताला याची उकल करून देतात. सहा दरोडेखोर म्हणजे पाच इंद्रियं आणि मन. म्होरक्या म्हणजे आपली बुद्धी, जी दरोडेखोरांनाच सामील झालीय. कोलितासारखं चमकतं ते सोनं. थंडीनं कुडकुडणारा माणूस शेकायला मिळेल म्हणून त्या भुताटकीच्या उजेडामागे धावतो, तसा माणूस पैशामागे धावतो. रातकिडे म्हणजे समोर किंवा पाठीमागे लागेल असं बोलणारी माणसं. निनावी खात्यावरून कुणी काही लिहून गेलं आणि रात्रभर झोप लागली नाही, असा अनुभव असेल तर हा रातकिडा तुम्हाला ओळखीचा आहे. कोल्हे-लांडगे म्हणजे घरचीच माणसं, असं शुकाचार्य म्हणतात. ते कानाला टोचतं. तिथे मी असं वाचते: दोष माणसांचा नाही, आपण गाफील असण्याचा आहे. गाफील माणसाचा वेळ आणि आयुष्य प्रेमाच्या नावाखाली सुद्धा ओढून नेलं जातं.

पण मंडळी, या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका साध्या तपशिलानं. जडभरत सांगतो की हा तांडा जे वाटेत मेले त्यांना तिथेच टाकतो, जे नवे जन्मले त्यांना उचलून घेतो, आणि पुढे चालत राहतो. आजवर कुणीही मागे फिरलेला नाही आणि कुणी पलीकडेही पोचलेला नाही.

पुन्हा एकदा वाचा हे. पडलेल्याला सोडायचं, नव्याला घ्यायचं, पुढे.

कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी कुणाचं तरी लॉगिन बंद होतं. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं काम दुसऱ्याला वाटून दिलेलं असतं, आणि दुपारी नव्या मुलीच्या स्वागताचा केक कापतात. कुणी दुष्ट नसतं यात. कामं असतात, डेडलाइन असते. तीन वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला फोन करायचा मनात असतं, पण काय बोलायचं ते सुचत नाही, आणि मग राहून जातं. फ्लॅटवर राहणारी एखादी मुलगी हळूहळू खोलीबाहेर येईनाशी होते. मित्रांच्या ग्रुपमधला एक जण आधी उत्तरं देईनासा होतो, मग मेसेज वाचेनासा होतो. तांडा चालूच असतो. भागवत याला ‘नरलोकसार्थ’ असं नाव देतं, माणसांच्या जगाचा तांडा.

आणि आता आठवा, हे सांगतोय कोण? पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ज्याची चाल बिघडली तो. ज्याच्यामुळे पालखी हिंदकळली तो. रहूगणाच्या पालखीचे बाकीचे भोई लयीत चालत होते. ती लय अगदी छान होती, फक्त तिच्यात खाली बघायला वेळ नव्हता.

दमयंतीला काय दिसलं

आता जोडवाचनाकडे येऊ, कारण तांडा आतून कसा असतो ते महाभारतानं जितकं उघड दाखवलंय तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

नळ दमयंतीला अरण्यात झोपलेली सोडून गेलाय. ती एकटी, अर्ध्या वस्त्रानिशी, वेड्यासारखी भटकतेय. अंग धुळीनं माखलेलं, केस विस्कटलेले. अशात तिला नदी ओलांडणारा एक मोठा तांडा दिसतो. हत्ती, घोडे, रथ, माणसं. ती धावत त्यात शिरते. तिला बघून काही जण घाबरून पळाले, काही हसले, आणि काहींना दया आली, त्यांनी विचारलं की बाई, तू कोण? व्यास तिन्ही प्रकार नोंदवतात. कुठल्याही गर्दीत असेच तीन प्रकार असतात ना? तांड्याचा प्रमुख शुची तिला म्हणतो की नळ नावाचा कुणी आम्हाला दिसला नाही. तांडा चेदी देशाला, सुबाहू राजाच्या राज्यात चाललाय. दमयंती त्यांच्याबरोबर निघते.

बरेच दिवस चालून तांडा एका सुंदर कमळांच्या सरोवराकाठी मुक्काम करतो. सगळे दमून झोपलेत. मध्यरात्री रानटी हत्तींचा कळप पाण्यावर येतो आणि वाटेत झोपलेली माणसं तुडवली जातात. हाहाकार उडतो.

सकाळ होण्याआधीच, वाचलेल्यांच्यात कुजबुज सुरू होते. असं का झालं? आपण मणिभद्राची पूजा केली नव्हती का? आणि मग कुणीतरी म्हणतं की ती वेड्यासारखी दिसणारी बाई आली ना, तिचंच हे. राक्षसी असेल, यक्षीण असेल. दिसली तर दगडांनी, काठ्यांनी मारून टाकू.

बघा हं. मुक्कामाची जागा निवडली तांड्यानं. हत्ती पाण्यावर येणार हे अरण्यात फिरणाऱ्या व्यापाऱ्यांना कळायला हवं. पण दोष कुणाचा? जी शेवटी आली आणि जिच्यासाठी बोलणारं कुणी नाही, तिचा.

२०२० मध्ये रस्त्यानं चालणाऱ्या माणसांकडे दोन्ही नजरांनी बघितलं गेलं. कुणी गावाच्या वेशीवर पाण्याचे माठ आणि भाकऱ्या घेऊन उभं राहिलं. कुणी ‘हेच रोग घेऊन आले’ म्हणून दारं लावली. तांडा जुना असो की आजचा, संकट आलं की त्याला कुणीतरी उपरा लागतो. आपल्या सोसायटीत, ऑफिसात, अगदी भजनी मंडळातही काही बिघडलं की आधी कुणाकडे बोट जातं, ते एकदा शांतपणे तपासून बघा.

दमयंती ते बोलणं ऐकून झाडीत पळून जाते. स्वतःच्याच नशिबाला दोष देते. हे तर आणखी वाईट, नाही का? ज्याच्यावर खापर फुटतं त्याला शेवटी वाटायला लागतं की खरंच माझंच काहीतरी चुकलं असेल. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या वाताहतीतून वाचलेले काही वेदज्ञ ब्राह्मण असतात. त्यांच्या सोबतीनं ती पुढे चालते आणि एका संध्याकाळी चेदीच्या नगरीत पोचते. मोठा तांडा मोडला. उरलेल्या चार माणसांची सोबत पुरली.

पाणी ओतून द्यायचं नाही

तांड्याची एक तिसरी गोष्ट बौद्ध जातकांत आहे, पहिल्याच क्रमांकाची, अपण्णक जातक. वाराणसीहून दोन व्यापारी प्रत्येकी ५०० गाड्या घेऊन निघतात. वाटेत निर्जळ वाळवंट आहे, ६० योजनांचं. पहिला व्यापारी पाण्याचे मोठे रांजण भरून निघतो. मध्यावर एक यक्ष माणसाच्या वेशात समोरून येतो. केस ओले, कपडे ओले, गळ्यात कमळांच्या माळा, गाडीची चाकं चिखलानं भरलेली. म्हणतो, अहो, पुढे पाऊसच पाऊस आहे, पाणी कशाला वाहताय? ओतून द्या, गाड्या हलक्या होतील. व्यापारी ओतून देतो. पुढे थेंबभर पाणी नसतं. रात्री थकून पडलेल्या सगळ्यांचा यक्ष फडशा पाडतात.

दुसरा व्यापारी म्हणजे बोधिसत्त्व. त्यालाही तोच ओल्या केसांचा माणूस भेटतो. तो आपल्या माणसांना विचारतो की तुम्हाला ढग दिसला का, वीज दिसली का, पावसाचा गार वारा कुणाच्या अंगाला लागला का? नाही ना? मग जोवर पाणी डोळ्यांनी दिसत नाही तोवर एक ओंजळही सांडायची नाही. त्याचा तांडा पार होतो.

ओल्या केसांचा माणूस आपल्याला रोज भेटतो, मोबाइलच्या पडद्यावर. हसरा, फ्रेश, कमळांच्या माळा घातलेला. म्हणतो, रोजचं नामस्मरण कशाला, एक वीकेंड रिट्रीट करा. जुनी मैत्री कशाला सांभाळता, पुढे हजारो लोक भेटतील. गाडी हलकी करा. हलकी गाडी कुणाला नको असते? पण काय उतरवायचं आणि काय नाही, एवढं तरी कळायला हवं. अपेक्षा उतरवा, तुलना उतरवा, जुने राग उतरवा. पाणी राहू द्या. नाम, रोजचं थोडं वाचन, आणि ज्यांना रात्री दोन वाजता फोन करता येतो अशी दोन-तीन माणसं. हे पाणी आहे.

थांबणारा तांडा

मग पडलेल्यासाठी थांबणारा तांडा असतो का कुठे? असतो. आपल्याच महाराष्ट्रात, दर वर्षी.

आषाढी वारीत तुम्ही एखादा दिवस चालला असाल. पुण्याहून दिवे घाट चढणारे आयटी दिंडीवाले तर हमखास. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. लाखो माणसं, पण ती लाखो सुटी माणसं नसतात. प्रत्येक जण कुठल्यातरी दिंडीचा असतो. दिंडीला क्रमांक असतो, जागा असते, रथाच्या पुढे किंवा मागे. दिंडीत विणेकरी असतो, टाळकरी असतात, डोक्यावर तुळस घेतलेली बाई असते. विकायला कुणाकडे काही नसतं. म्हणजे धनाच्या अर्थानं हा सार्थ नव्हेच.

आता मुक्कामाच्या तळावरची समाजआरती बघा. संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि पुकारा करतो. क्षणात सगळं शांत. एवढ्या माणसांची अशी शांतता दुसरीकडे क्वचितच अनुभवायला मिळते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणावर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ वाजवणं थांबवत नाही. चोपदार तिथे जातात, विचारतात, ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. आणि त्यानंतर आरती होते.

क्रम लक्षात घ्या. आधी ज्याचं दुखतंय त्याचं ऐकायचं, आधी हरवलेलं शोधायचं, मग आरती. देव तोवर थांबतो. मला तरी यात जडभरताच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. संसाराचा तांडा पडलेल्याला सोडून पुढे जातो, आणि हरीचा तांडा टाळ वाजत असेपर्यंत पुढे सरकत नाही.

रूपकाच्या शेवटी जडभरत राजाला काय सांगतो तेही हेच आहे. रहूगणा, तूही याच वाटेवर आहेस. हातातला दंड खाली ठेव, सगळ्या प्राण्यांशी मैत्री कर, आणि हरिसेवेनं धार लावलेली ज्ञानाची तलवार घेऊन पार हो. म्हणजे तलवार आहे, ज्ञान आहे, पण त्याआधी भूतमैत्री आहे. आपण सगळे ज्ञानावर आणि भक्तीवर भाषणं ऐकतो, आणि मैत्री हा शब्द घाईत वगळून जातो.

आणि आता तो ‘काफिला’ शब्द आठवा, परतणाऱ्यांचा. चौदाव्या अध्यायाच्या शेवटाकडे शुकाचार्य म्हणतात की हा नरलोकसार्थ जिथून निघाला तिथे अजून परत आलेला नाही, आणि जाणते लोक त्याच ठिकाणाला या वाटेचा शेवट म्हणतात. निघालो तिथेच पोचायचं आहे. भगवंतापासून निघालो, भगवंतापाशी परत. म्हणून आपण या जगातून ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आणि परतीच्या वाटेवर शेजारच्याला मागे टाकून घरी पोचलो, तर आई पहिला प्रश्न काय विचारेल? “तुझ्याबरोबरचा कुठाय?”

आजचा अभ्यास

१. तेराव्या अध्यायातली संकटं वाचताना एक कागद घ्या. दरोडेखोर, गंधर्वनगर, कोलीत, रातकिडे, कोरडी नदी, मधाचं पोळं. प्रत्येकासमोर तुमच्या या महिन्यातली एकेक गोष्ट लिहा. कुणाला दाखवू नका. शुकाचार्यांची उकल नंतर वाचा आणि ताडून बघा.

२. तुमच्या तांड्यातून गेल्या वर्षभरात कोण गळलं, ते आठवा. एकत्र पारायण सुरू केलेल्यांपैकी, ऑफिसातल्या, कॉलेजच्या ग्रुपमधल्या. तीन नावं पुरेत. त्यातल्या एकाला आज फोन करा. ‘का आला नाहीस’ असं विचारू नका. ‘जेवलास का’ एवढं विचारा. पुढचं आपोआप होतं. आणि त्यानं फोन उचलला नाही तर रुसू नका. चार दिवसांनी परत करा.

३. टाळ वाजवणारी दिंडी तुम्हीच असाल तर? मागे पडलेले, दमलेले, खापर फुटलेले तुम्हीच असाल तर? मग टाळ थांबवू नका. चांगलं दिसावं म्हणून गप्प राहू नका. एखाद्या तरी माणसाला सांगा, “मला चालवत नाहीये.” हे सांगणं ही भक्तीत कमतरता नाही. समाजआरतीत त्या आवाजासाठी राखलेली जागाच आहे. फारच अंधारून आलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर घरच्यांना आणि डॉक्टरांना आजच्या आज सांगा. आजाऱ्याचा मित्र वैद्य, हे युधिष्ठिरानंच सांगितलंय.

प्रार्थना

हे पांडुरंगा, आम्ही मोठ्या वाटेवर आहोत आणि आमची बुद्धी वाटाड्या म्हणून कच्ची आहे. तू आमचा सार्थवाह हो. जे पाणी वाहून न्यायचं ते सांडू देऊ नकोस, जे ओझं टाकायचं ते टाकायची ताकद दे. आमची चाल जरा बिघडली तरी चालेल, पालखी हिंदकळली तरी चालेल, पण पायाखाली कोण आहे आणि मागे कोण राहिलंय ते आम्हाला दिसू दे. आणि आम्हीच मागे राहिलो, तर कुणाला तरी आमच्या टाळेचा आवाज ऐकू येऊ दे.

उद्या पंधरावा अध्याय, भरताच्या वंशाची कथा. छोटा आहे, सकाळी चहाबरोबर वाचून होईल. आज मात्र आधी तो एक फोन.

राम कृष्ण हरी!